टिळकांना जामीन देणारे न्यायमूर्ती तय्यबजी

टिळकांचे राजकारण आम्हाला कधीच मान्य नव्हते आणि आजही नाही. बाबासाहेबांच्या 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापायला केसरीने १९२० साली नकार दिला, हे चळवळ विसरलेली नाही. तरीही जामिनाचा कायदा समजावताना आम्ही कार्यकर्त्यांना टिळकांच्याच एका अर्जाची गोष्ट सांगतो. त्या गोष्टीचा नायक टिळक नाहीत, न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी आहेत.

तय्यबजी १८४४ साली मुंबईत सुलेमानी बोहरा कुटुंबात जन्मले. विलायतेत शिकून १८६७ साली बॅरिस्टर झाले. मुंबई हायकोर्टातले ते पहिले हिंदी बॅरिस्टर. समाजाच्या शिक्षणासाठी अंजुमन-ए-इस्लाम उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. घरातला पडदा त्यांनी दूर केला, मुलींना शिकवले. १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. १८९५ साली हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले.

दोनच वर्षांनी कसोटी आली. जून १८९७ मध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. २७ जुलैला टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. या गुन्ह्याला जन्मठेप काळ्या पाण्यापर्यंतची शिक्षा होती. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला. हायकोर्टात न्या. पार्सन्स आणि न्या. रानडे यांनीही नाकारला. खटला सेशन्सकडे गेल्यावर अर्ज पुन्हा झाला आणि ४ ऑगस्टला तो तय्यबजींपुढे आला. १८९३ च्या मुंबईच्या दंगलीनंतर टिळकांनी मुसलमानांविरुद्ध कशी लेखणी चालवली होती, हे काय त्यांना ठाऊक नव्हते? पण त्यांनी माणूस पाहिला नाही, कायदा पाहिला. आरोपी खटल्याला हजर राहील काय, हा त्यांच्या लेखी मुख्य प्रश्न होता. बचावाच्या तयारीसाठी आरोपीला मोकळीक हवी आणि उद्या तो निर्दोष सुटला तर आधी भोगलेला तुरुंग हा अन्यायच ठरेल, हेही त्यांनी जोखले. जामीन मंजूर झाला. पुढे ज्यूरीने टिळकांना दोषी धरले, दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. पण त्याने जामिनाचा हुकूम चुकीचा ठरत नाही. जामीन म्हणजे निर्दोषत्वाचे सर्टिफिकेट नव्हे.

तय्यबजी १९०२ साली हंगामी सरन्यायाधीश झाले आणि १९०६ साली लंडनमध्ये वारले. दोनच वर्षांनी टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला झाला. १८९७ साली तय्यबजींपुढे टिळकांसाठी जामीन मागणारे वकील दिनशा दावर आता न्यायाधीश होते. बॅरिस्टर जिनांनी जामीन मागितला, दावरांनी तो फेटाळला. खुर्ची बदलली की मोजमाप बदलते ते असे!

टिळकांकडे मोठ्या रकमेची हमी देणारे श्रीमंत स्नेही होते. आमच्या माणसाकडे कोण आहे? मध्य प्रदेशातील मोतीराम या गवंड्याला सुप्रीम कोर्टाने जामीन दिला, तर खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तो भाऊही नाकारला. १९७८ साली न्या. कृष्ण अय्यर यांनी ही रक्कम एक हजारावर आणली. मंजूर झालेला जामीनही गरिबाला तुरुंगातून बाहेर काढतोच असे नाही.

आम्हाला नेहमी विचारतात, आंदोलनातल्या पोरांसाठी तुम्ही जामीन मागता आणि अॅट्रॉसिटीच्या आरोपीला विरोध करता, हे कसे? उत्तर सोपे आहे. मोजमाप एकच. आरोपी पळेल काय, पुरावा नष्ट करील काय, साक्षीदारांना धमकावील काय? गावात फिर्यादीचे घर एकटे आणि आरोपीचा वाडा समोर असेल, तर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा होय असते. म्हणूनच १९८९ च्या कायद्याने अटकपूर्व जामिनाला बंदी घातली आणि २०१६ पासून जामिनाच्या सुनावणीत पीडिताला म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. कार्यकर्त्यांनी त्या दिवशी कोर्टात हजर राहावे. नुसत्या घोषणा देऊ नयेत. धमकी कोणी, कोणत्या तारखेला, कोणासमोर दिली, हे लेखी द्यावे.

तय्यबजींनी विरोधकालाही तेच माप लावले. आम्ही न्यायाधीशाकडे दया मागत नाही, हे एकच माप मागतो. आणि ते आमच्या विरोधकालाही लागेल, हे मान्य करण्याची हिंमत आमच्यात असली पाहिजे.