दात वाचणारे रिचर्ड ओवेन

तुमचा दुधाचा दात पडला की तुम्ही तो उशीखाली ठेवता. आमच्या लहानपणी आम्ही तो कौलांवर फेकायचो. आज अशाच दातांची आणि कौलांची गोष्ट सांगतो.

रिचर्ड ओवेन यांचा जन्म १८०४ साली इंग्लंडमधील लँकेस्टर येथे झाला. सोळाव्या वर्षी ते एका शल्यवैद्याकडे उमेदवारी करू लागले. पुढे लंडनच्या एका वैद्यकीय संग्रहालयात त्यांना हाडे व अवयव यांची यादी करण्याचे काम मिळाले. प्राणिसंग्रहालयात मेलेले प्राणीही ते तपासत.

ऑक्सफर्डजवळच्या स्टोन्सफील्ड गावी घरांच्या छपरांसाठी दगडी कौले काढत. त्या दगडांत प्रचंड मेगॅलोसॉरसची हाडे सापडली, आणि बोटाच्या पेराएवढे इवलेसे जबडेही! फ्रान्सचे क्युव्हिए यांनी १८१८ साली ते पाहून सस्तन प्राण्याचे ठरवले. पण इतक्या जुन्या, १६ ते १७ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात सस्तन प्राणी कसा असेल? १८३८ मध्ये ब्लँव्हिल यांनी शंका काढली. सरपटणाऱ्या प्राण्यांचा खालचा जबडा अनेक हाडांचा असतो, आणि या जबड्यावरची रेघ त्यांना दोन हाडांचा सांधा वाटली.

ओवेन यांनी जबडे बारकाईने पाहिले. ती रेघ सांधा नव्हती, नुसती खाच होती. शिवाय दाढांना आपल्या दाढांसारखी दोन-दोन मुळे होती. प्राणी सस्तनच होता! 'डायनोसॉर' हा शब्दही ओवेन यांनीच १८४२ साली दिला.

मात्र पालकांनी मुलांना पुढचेही सांगावे. प्लॅजिऑलॅक्स नावाच्या चिमुकल्या प्राण्याचे दात ओवेन यांनी मांसभक्षकाचे मानले. भारतात शिवालिक टेकड्यांत जीवाश्म शोधलेले फाल्कनर म्हणत होते, नाही, हा वनस्पती खाणारा. ओवेन हट्टाला पेटले, पण मांसभक्षक हे मत टिकले नाही. इतरांना श्रेय देतानाही त्यांचा हात आखडता असे. आम्ही प्रोग्रॅम लिहिणारे लोकही आपली चूक शेवटी पाहतो, म्हणून हे आम्हाला फार जवळचे वाटते.

ओवेन यांच्या प्रयत्नांतून लंडनचे निसर्ग-इतिहास संग्रहालय १८८१ साली उघडले. १८९२ मध्ये ते वारले. सुटीत तेथे जाल तेव्हा डायनोसॉर पाहाच, पण लहान जबड्यांपाशीही थांबा आणि दाढांची मुळे मोजा.