पक्ष्यांच्या सहवासात वेचलेले आयुष्य

भारतीय पक्षीशास्त्राला लोकाभिमुख करणारे थोर पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. बालपणीच आईवडिलांचे छत्र हरपल्याने त्यांचे संगोपन मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी झाले.

लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी टिपली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. हा पक्षी कोणता, या कुतूहलापोटी मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडे पाठविले. सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिलाच, शिवाय संस्थेतील पक्ष्यांचा संग्रहही दाखविला. शिकारीची हौस असलेल्या मुलाला आयुष्याची दिशा सापडली ती येथेच.

पुढची वाट मात्र सोपी नव्हती. विद्यापीठाची पदवी नसल्याने भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत त्यांना पद मिळाले नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून काम मिळाले. त्यानंतर बर्लिन येथे प्रा. एर्विन श्ट्रेझमान यांच्याकडे प्रशिक्षण घेऊन १९३० मध्ये ते परतले, तेव्हा निधीअभावी ते पदच रद्द झाले होते.

बेकारीच्या या काळात त्यांनी पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळील किहीम येथे मुक्काम हलविला. तेथे सुगरण पक्ष्यांची वसाहत त्यांनी चिकाटीने न्याहाळली. नर घरटे अर्धवट विणतो, मादी ते पारखून पसंत करते, मग नर ते पूर्ण करून दुसरे घरटे विणायला घेतो, हा क्रम त्यांनी उलगडला. हाती नोकरी नसताना केलेल्या या अभ्यासाने त्यांना नावलौकिक मिळवून दिला.

पुढे वेतन न घेता केवळ खर्चाच्या मोबदल्यात त्यांनी हैदराबाद, त्रावणकोर आदी संस्थानांतील पक्ष्यांचे सर्वेक्षण केले. या भटकंतीत साथ देणार्‍या तेहमिना यांचे १९३९ मध्ये निधन झाले. हा आघात सोसूनही त्यांनी काम थांबविले नाही. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले आणि सामान्य वाचकाला पक्षी ओळखण्याचे साधन मिळाले.

राजस्थानातील भरतपूरची पाणथळ जागा एकेकाळी संस्थानिकांचे शिकारीचे ठिकाण होती. स्वातंत्र्यानंतर ती शेतीसाठी कोरडी करण्याची मागणी पुढे आली, तेव्हा तिच्या रक्षणासाठी त्यांनी आपले वजन खर्ची घातले. आज हे ठिकाण केवलादेव राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखले जाते. केरळमधील सायलेंट व्हॅलीचे जंगल वाचविण्यासाठीही त्यांनी आवाज उठविला.

१९७६ मध्ये पद्मविभूषण आणि १९८५ मध्ये राज्यसभेचे नामनिर्देशित सदस्यत्व, असे सन्मान त्यांना लाभले. १९८७ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. बंदुकीऐवजी दुर्बीण आणि टिपणवही घेऊन रानात जाण्याची जी वाट त्यांनी घालून दिली, त्याच वाटेने आज देशभरातील पक्षीनिरीक्षक चालत आहेत.