अभयाचे दान : डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र

ज्या घरी पाहुण्याला आपले दैवत उंबऱ्याबाहेर ठेवून आत यावे लागते, त्या घरी त्याला अन्न मिळेल, निवाराही मिळेल. परंतु अभय मिळणार नाही. अभय म्हणजे केवळ जिवाला धोका नसणे नव्हे. आपल्या श्रद्धेसह निःशंकपणे वावरता येणे, हे खरे अभय होय. दैवी संपत्तीचे गुण सांगताना गीतेने अभयालाच अग्रस्थान दिले आहे. हे अभय दूर अमेरिकेत एका महाराष्ट्रीय कन्येला कसे लाभले, हे तिच्या चरित्रातून पाहण्यासारखे आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी पुणे येथे झाला. माहेरचे नाव यमुना, वडील कल्याणचे. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव विधुर व वयाने बरेच मोठे होते. पत्नीने विद्या संपादन करावी असा त्यांचा ध्यास होता आणि तो पुष्कळदा कठोरपणाच्या सीमेला पोहोचे. कोवळ्या वयातच आनंदीबाई माता झाल्या; परंतु ते बालक दहा दिवसांतच निवर्तले. त्या दुःखातून आपण वैद्यकी शिकावी व भारतीय भगिनींच्या उपयोगी पडावे, हा संकल्प दृढ होत गेला.

सन १८७८ मध्ये गोपाळरावांची नेमणूक कोल्हापूरला होती. पत्नीच्या शिक्षणाची अमेरिकेत व्यवस्था व्हावी म्हणून त्यांनी तेथील मिशनऱ्यांच्या द्वारे पत्र पाठविले. पूर्वी कोल्हापुरात राहून गेलेले रॉयल वाइल्डर तेव्हा अमेरिकेत एक मिशनरी नियतकालिक चालवीत. त्यांनी ते पत्र छापले. परंतु साहाय्याची वाट ख्रिस्ती धर्माच्या स्वीकारातून जाते, असेच त्यांच्या उत्तराचे तात्पर्य होते. जोशी दांपत्याला ही अट मान्य होण्यासारखी नव्हती.

पुढे ईश्वरी योजनेने म्हणा, ते नियतकालिक न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीच्या हाती पडले. दंतवैद्याकडे आपल्या पाळीची वाट पाहत असता त्यांनी ते पत्र वाचले आणि त्यांचे मन द्रवले. त्यांनी १८८० मध्ये आनंदीबाईंना पत्र लिहून साहाय्याचा हात पुढे केला. त्यात धर्मांतराची अट नव्हती. कधी दृष्टीस न पडलेल्या या स्त्रीला आनंदीबाई मावशी म्हणू लागल्या.

इकडे स्वदेशात मात्र निराळेच अनुभव येत होते. हाती पुस्तके घेऊन रस्त्याने जाणाऱ्या ब्राह्मण स्त्रीची लोक टवाळी करीत, तिला अपशब्द ऐकवीत. परदेशगमनाची वार्ता पसरल्यावर तर बहिष्काराची धमकी आली. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे आनंदीबाईंनी भरसभेत आपला हेतू विशद केला. आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, हा निश्चय त्यांनी निर्भयपणे प्रकट केला. अवघ्या अठराव्या वर्षी, पतीला मागे ठेवून, ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून निघाल्या. सोबतीस मिशनरी स्त्रिया होत्या. जवळपास दोन महिन्यांच्या त्या प्रवासात आनंदीबाईंनी ना मांसाहार केला, ना आपली श्रद्धा ढळू दिली.

कार्पेंटरबाईंनी त्यांना पोटच्या मुलीप्रमाणे वागविले. आनंदीबाईंचे शाकाहाराचे व्रत, कपाळीचे कुंकू, अंगावरचे लुगडे, यांपैकी काहीही त्या घराला खुपले नाही. उलट त्यांच्या चालीरीती तेथे कौतुकाने विचारल्या गेल्या.

पुढे ऑक्टोबर १८८३ मध्ये त्या फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. विल्यम पेन यांनी १६८२ मध्ये वसविलेल्या या नगराचा पाया उपासनास्वातंत्र्यावर घातलेला होता. अमेरिकेच्या घटनेनेही १७९१ पासून धर्माचरणाचे स्वातंत्र्य मान्य केले आहे. तरीही याच नगरात १८४४ मध्ये कॅथॉलिक पंथीयांविरुद्ध दंगे उसळले व त्यांची दोन चर्च भस्मसात झाली. शाळांत कोणते बायबल वाचावे हे त्या कलहाचे एक कारण होते. केवळ कायद्याने अभय उत्पन्न होत नाही, ते माणसांच्या अंतःकरणात जागवावे लागते, हेच यावरून दिसून येते. महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडले यांनी त्या जागृतीचा प्रत्यय दिला. त्यांनी या परधर्मीय विद्यार्थिनीला प्रवेश दिला, शिष्यवृत्तीची सोय केली आणि तिच्या प्रकृतीची चिंता वाहिली. आनंदीबाईंनी प्रबंधासाठी प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा विषय घेतला, आणि महाविद्यालयाने तो आदराने स्वीकारला.

आनंदीबाईंना ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. नात्याने आप्त असलेल्या रमाबाईंनी १८८३ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. एकीने धर्म राखला, दुसरीने बदलला. परंतु त्या आनंदाच्या क्षणी दोघींच्या स्नेहात धर्म आड आला नाही.

कोल्हापूर संस्थानच्या रुग्णालयातील स्त्रीविभागावर आनंदीबाईंची नेमणूकही झाली होती. परंतु क्षयाने देह पोखरला होता. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईस उतरल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. तेव्हा वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आली, आणि त्या माउलीने न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे आपल्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत तिला स्थान दिले. तेथील शिळेवर आनंदीबाईंची ब्राह्मणकन्या म्हणूनच नोंद आहे.

त्याच देशात २०१२ मध्ये विस्कॉन्सिनमधील ओक क्रीकच्या गुरुद्वारात शीख भाविकांवर आणि २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये ज्यू उपासकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. अशी वार्ता ऐकताच सातासमुद्रापलीकडील आपल्या मुलाबाळांच्या काळजीने आपला जीव कासावीस होतो. ते स्वाभाविकच आहे. परंतु त्याच वेळी अंतर्मुख होऊन स्वतःला विचारावे : आपल्या आळीत, आपल्या चाळीत जे कुटुंब संख्येने एकटे आहे, ते आपल्यामुळे निर्धास्त झोपते काय? आपले मूल परक्या देशात ज्या अभयाने राहावे असे आपण इच्छितो, तेच अभय शेजारच्या परधर्मीय मुलाला देणे हा गृहस्थाचा धर्म होय. स्वधर्मावर अढळ निष्ठा आणि सर्वांच्या ठायी समदृष्टी, या दोन्ही गोष्टी गीतेने एकाच साधकाकडून अपेक्षिल्या आहेत. आनंदीबाईंनी पहिली जीवनात उतरवून दाखविली, कार्पेंटरबाईंनी दुसरी. भगवंत आपणांस या दोन्हींचे बळ देवो.