थोरोंच्या मेजावरचे दगड

अमेरिकी लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांच्या मेजावर चुनखडीचे तीन दगड असत. त्यांच्यावरची धूळ रोज पुसायची, मनावरची मात्र तशीच, हे जाणवताच त्यांनी दगड खिडकीबाहेर फेकले. १८४५ ते १८४७ ते वॉल्डन तळ्याकाठी १० बाय १५ फुटांच्या घरात राहिले. सामान म्हणजे पलंग, टेबल, मेज आणि तीन खुर्च्या. कुणी पायपुसणे देऊ केले, तेही नको. झटकायला वेळ कुठला? (जेवायला अधूनमधून आईकडे जात, हेही खरे.) वस्तूंतून सुटलेले लक्ष लिखाणात आणि रानात रमले. काँकॉर्ड परिसरातल्या शेकडो वनस्पती कधी फुलतात, याच्या तारखा त्यांनी पुढे वर्षानुवर्षे टिपल्या. १८६२मध्ये ४४व्या वर्षी क्षयाने ते गेले. हवामानबदलाचे अभ्यासक आज त्याच तारखा ताडून पाहतात. तिथली बरीच फुले आता लवकर उमलतात.