राजा रविवर्मा : देवादिकांना घराघरांत नेणारा चित्रकार

बंगळुरूच्या पूर्व भागातील के. आर. पुरम येथून मेट्रोने मॅजेस्टिक आणि तेथून रेल्वेने म्हैसूर असा प्रवास करता येतो. बंगळुरूपासून सुमारे १४० किलोमीटरवर असलेल्या या नगरीत, जगनमोहन राजवाड्याच्या कलादालनात राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रे आहेत. तेथील पौराणिक चित्रांसमोर उभ्या राहणाऱ्या मराठी माणसाला ते चेहरे, ती वस्त्रे आणि तो प्रकाश परिचित वाटतो. आजोळच्या देवघरात आणि जुन्या दिनदर्शिकांवर त्याने हेच रूप पाहिलेले असते.

रविवर्मा यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी केरळमधील किळिमानूर येथे झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी मामांनी त्यांना त्रावणकोरच्या दरबारात नेले. तैलरंगांचे तंत्र शिकविण्यास तेथे कोणी सहजी तयार नव्हते. थिओडोर जेन्सन हे युरोपीय चित्रकार दरबारात आले असता त्यांचे काम न्याहाळून आणि अखंड सरावाने रविवर्मा यांनी ते तंत्र आत्मसात केले. १८७३ मध्ये त्यांच्या चित्राला व्हिएन्ना येथे पारितोषिक मिळाले.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांच्याकडून चौदा पौराणिक चित्रे करवून घेतली. नल-दमयंती, विश्वामित्र-मेनका हे प्रसंग त्यांत होते. पौराणिक स्त्रियांची वेशभूषा निश्चित करण्यासाठी रविवर्मा यांनी देशभर प्रवास केला. त्यांच्या अनेक नायिका व देवता नऊवारी लुगड्यात दिसतात. ही चित्रे लोकांसाठी प्रदर्शित झाली, तेव्हा ती पाहण्यास मोठी गर्दी लोटली.

राजवाड्यातील चित्र सामान्य माणसाला दुर्लभ होते. चित्रांच्या रंगीत प्रती काढाव्यात, अशी सूचना दिवाण टी. माधवराव यांनी केली होती. १८९४ मध्ये रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला आणि त्यासाठी जर्मनीहून यंत्रे व तंत्रज्ञ आणले. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा वापरून प्रती छापल्या जात. पुण्याच्या चित्रशाळेने हा मार्ग आधीच दाखविला होता. परंतु रविवर्मा यांच्या लक्ष्मी-सरस्वतीने देशभर जे स्थान मिळविले, ते अभूतपूर्व होते. ज्यांना मंदिराची पायरी चढण्याची मुभा नव्हती, त्यांच्याही भिंतीवर आता देवाचे चित्र लागले.

लोकप्रियता मिळाली, मात्र व्यवसाय फायद्यात आला नाही. मुंबईतील प्लेगची साथ आणि वाढते कर्ज यांमुळे छापखाना लोणावळ्याजवळील मळवली येथे हलवावा लागला. अखेर चित्रांच्या हक्कांसह तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकण्यात आला. प्रती त्यानंतरही निघत राहिल्या, जाहिरातींवरही झळकल्या. चित्रकाराचा त्यावर अधिकार उरला नव्हता.

१९०५ मध्ये बंधू आणि सहकारी चित्रकार राजा राजवर्मा यांचे निधन झाले. त्या दुःखातही रविवर्मा यांनी म्हैसूर दरबारासाठी पौराणिक चित्रे रंगविली. २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूर येथे त्यांचे निधन झाले.

पुढे काही समीक्षकांनी त्यांची कला पाश्चात्त्य अनुकरण म्हणून नाकारली. १९७२ मध्ये मळवलीचा छापखाना आगीत भस्मसात झाला. १९७९ मध्ये मात्र भारत सरकारने त्यांच्या चित्रांना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा दिला. त्यामुळे ती देशाबाहेर नेण्यास बंदी आहे.

छापील प्रतीत देवाची आकृती येते. रेशमाची झळाळी, दागिन्यांवरील प्रकाश आणि त्वचेखालील उष्ण छटा मूळ चित्रातच उरतात. रविवर्मा यांना घरोघरी पूजले गेलेले चित्र ठाऊक असणाऱ्याने त्यांचा कुंचला पाहण्यासाठी एकदा तरी कलादालनाची वाट धरावयास हवी.