अंगठ्याची कदर करणारा माणूस

आमच्या घरात अंगठ्याला फारसा मान नाही. माझी आजी रेशनच्या दुकानात अंगठा लावते, बँकेत अंगठा उठवते, आणि नातीच्या हातून तरी सही व्हावी म्हणून मला कॉलेजात धाडण्याचा हट्ट तिनेच धरला. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याला आपल्या भाषेत अंगठेबहाद्दर म्हणून हिणवतात. त्यामुळे अंगठ्याच्या जोरावर काही थोर कार्य होऊ शकते, असे मला कधी वाटले नव्हते. यंदाच्या अंकासाठी चरित्रलेख लिहावयाचे ठरले तेव्हा वर्गातील मैत्रिणींनी समाजसुधारक व क्रांतिकारक वाटून घेतले. मी मात्र एका जपानी कारागिराची निवड केली. त्यांचे नाव गुनपेई योकोई. जगातील कोट्यवधी मुलांच्या डाव्या अंगठ्याला ह्या माणसाने काम दिले. पण त्यांचे नाव त्या मुलांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल.

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी जपानमधील क्योतो शहरात झाला. तेथीलच दोशिशा विद्यापीठातून त्यांनी विद्युत्-शाखेचे शिक्षण घेतले. पदवी तर मिळाली, परंतु मोठ्या विद्युत् कंपन्यांत त्यांची वर्णी लागली नाही. अखेर १९६५ साली गावातल्याच एका कारखान्यात त्यांनी नोकरी धरली. हा कारखाना पत्ते छापणारा होता! हानाफुदा नावाचे फुलांच्या चित्रांचे पत्ते तेथे १८८९ सालापासून तयार होत. कारखान्याचे नाव निन्टेंडो. पत्ते तयार करणारी यंत्रे बिघडू न देणे आणि बिघडली तर दुरुस्त करणे, एवढेच योकोई यांचे काम. माझे वडील यंत्रमागावर जॉबर आहेत. मागाचा कोणता आवाज बरा आणि कोणता वाईट हे त्यांना डोळे मिटून कळते. म्हणूनच पदवीधर योकोई यंत्रांच्या पट्ट्यांत हात घालून उभे आहेत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे सहज उभे राहते.

यंत्रे नीट चालली की देखभाल करणाऱ्याला वेळ उरतो. त्या वेळात योकोई यांनी स्वतःच्या करमणुकीसाठी एक खेळणे बनविले. फुलीसारख्या जोडलेल्या पट्ट्या दाबल्या की ते लांब होई व पुढच्या टोकाने वस्तू पकडी. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या दृष्टीस ते पडले. कामाच्या वेळेत खेळणी करणाऱ्या नोकराला घरी बसविण्याऐवजी त्यांनी हे खेळणे बाजारात आणावयास सांगितले. ‘अल्ट्रा हँड’ ह्या नावाने ते १९६६ साली निघाले व दहा लाखांहून अधिक खपले. यंत्रांची निगा राखणारा माणूस अशा रीतीने खेळणी घडविणारा झाला. पुढे १९७० साली प्रकाशावर चालणारी खेळातली बंदूक निघाली. तिच्या नेमाच्या लक्ष्यात प्रकाश ओळखणारे सौरघट बसविलेले असत. ह्या कामी मासायुकी उएमुरा हे त्यांचे सहकारी होते. त्यांचे नाव पुढे पुन्हा येईल.

योकोई यांच्या विचाराचे सूत्र येथेच ध्यानात घेतले पाहिजे. नवे, महाग, कोणालाही नीट न उमगलेले तंत्र घेऊन धावण्यापेक्षा जे तंत्र जुने होऊन स्वस्त झाले आहे, ज्याच्या खोडी सर्वांना कळल्या आहेत, तेच घ्यावे आणि त्याचा कोणी न केलेला उपयोग शोधावा, असे ते मानीत. सुकलेल्या तंत्राचा आडव्या अंगाने केलेला विचार, असे ह्या सूत्राचे नाव आहे. आपल्याकडे जुन्या साड्यांची गोधडी शिवणाऱ्या बाईला हे सूत्र समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

ह्या सूत्राचे पहिले मोठे फळ म्हणजे ‘गेम अँड वॉच’. वेगवान रेल्वेतून प्रवास करीत असताना एक कंटाळलेला नोकरदार गणकयंत्राची बटणे उगाच दाबत बसलेला योकोई यांनी पाहिला. मोठ्या माणसालाही प्रवासात खेळावेसे वाटते, परंतु चारचौघांत खेळताना संकोच वाटतो, हे त्यांनी हेरले. गणकयंत्रांच्या पडद्यांचे तंत्र तोवर स्वस्त झालेच होते. त्यांनी तोच पडदा घेऊन दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल असा खेळ तयार केला. मांडीवर हात ठेवून बसलेल्या माणसाने फक्त अंगठे हलवावेत आणि शेजाऱ्याला पत्ता लागू नये, अशी ती योजना! हा खेळ १९८० साली बाजारात आला आणि पुढे त्या मालिकेचे चार कोटींहून अधिक नग खपले. अंगठ्याचे राज्य येथून सुरू झाले.

तोपर्यंत टीव्हीला जोडून खेळावयाच्या पेट्यांना, म्हणजे कन्सोलना, बहुधा दांडी असे. अमेरिकेत १९७७ साली निघालेल्या अटारीच्या पेटीबरोबर अशा दोन दांड्या मिळत. एका हाताने बैठक धरावयाची आणि दुसऱ्या मुठीने दांडी हलवावयाची. १९८२ साली योकोई यांच्यापुढे अडचण उभी राहिली. ‘डाँकी काँग’ हा खेळ त्यांना पुस्तकासारख्या मिटणाऱ्या दोन पडद्यांच्या ‘गेम अँड वॉच’मध्ये बसवावयाचा होता. खेळातील माणूस चारही दिशांना जाणार. पण दांडी लावली तर झाकण मिटणार कसे? चार सुटी बटणे लावली तर अंगठा प्रत्येक वेळी उचलावा लागणार आणि नजर पडद्यावरून ढळणार. योकोई यांनी अधिकच्या चिन्हासारखे एकच बटण बनविले. मधोमध टेकू, चार बाहूंखाली चार संपर्कबिंदू. अंगठा मधोमध ठेवून नुसता कलता केला की त्या बाजूचा संपर्क जुळतो, आणि एक बाजू दबली की समोरची आपोआप उचलली जाते. त्यामुळे डावे व उजवे एकाच वेळी दाबण्याची चूक होऊच शकत नाही. बोट कोठे आहे हे न पाहता कळते. ह्यात एकही महाग वस्तू नव्हती.

पुढच्याच वर्षी, १५ जुलै १९८३ रोजी, निन्टेंडोने ‘फॅमिकॉम’ ही पेटी जपानमध्ये आणली. तिचे शिल्पकार वर उल्लेखिलेले उएमुरा. जपानी घरांत मुले जमिनीवर बसून खेळणार आणि दांडी पायाखाली येऊन मोडणार, ही धास्ती होतीच. तेव्हा योकोई यांचे अधिक-चिन्ह ह्या पेटीच्या कंट्रोलरवर आले. पेटीबरोबर दोन कंट्रोलर जोडलेलेच असत. मात्र खेळ सुरू करण्याचे बटण पहिल्यावरच. दुसऱ्याला त्याऐवजी आवाज टिपणारा मायक्रोफोन होता.

हे वाचले तेव्हा मला हसू आले. माझ्या लहानपणी मामाने बाजारातून टीव्हीवरच्या खेळांचा एक संच आणला होता. तो ह्याच फॅमिकॉमची स्वस्त नक्कल होता, हे मला आता कळले. खोक्यात दोन कंट्रोलर, एक बंदूक आणि एक कॅसेट. पहिला कंट्रोलर भावाचा, हे न बोलता ठरलेले. दुसरा माझ्या वाट्याला येई, आणि खेळ केव्हा सुरू करावयाचा हे माझ्या हाती नसे. तरीही खोक्यात दुसरा कंट्रोलर होता म्हणूनच मी खेळले. तो वेगळा विकत घ्यावयाचा असता, तर माझ्यासाठी तो कोणी आणला नसता, हे मी खात्रीने सांगते.

खोक्यात काय घालावयाचे हा प्रश्न म्हणूनच क्षुल्लक नाही. १९८३ साली अमेरिकेत ह्या खेळांचा बाजार कोसळला होता व दुकानदार अशा पेट्या ठेवावयास तयार नव्हते. १९८५ साली निन्टेंडो न्यूयॉर्कमध्ये उतरली ती पेटी खेळण्याच्या वेषात घेऊन. मोठ्या संचात पेटी, दोन कंट्रोलर, प्रकाशाची बंदूक, दोन खेळ आणि ‘रॉब’ नावाचा छोटा यंत्रमानव होता. योकोई यांच्या विभागातून आलेला हा यंत्रमानव टीव्हीच्या पडद्यावरील लुकलुक ओळखून हात हलवी, भोवरे उचली आणि त्यांच्या भाराने दुसऱ्या कंट्रोलरची बटणे दाबी. दिसावयास गमतीचा, पण चालीला अत्यंत मंद. त्याच्यासाठी अवघे दोनच खेळ निघाले. दुकानाचे दार उघडण्याचे काम करून तो अडगळीत गेला. १९८८ च्या संचात तो नव्हता. पेटी, दोन कंट्रोलर, बंदूक आणि एकाच कॅसेटमध्ये दोन खेळ, एवढेच होते. अधिक-चिन्हाचे बटण मात्र प्रत्येक संचात राहिले.

येथे एक शंका निघेल. लोकांना दांडीच आवडत असेल तर? तशी आवड असलेले खेळाडू होतेच, आणि त्यांच्यासाठी निन्टेंडोने १९८७ साली दांडीचा कंट्रोलर वेगळा विकावयासही काढला. परंतु जी वस्तू वेगळी विकली जाते ती थोड्यांकडेच असते, आणि थोड्यांसाठी कोणी खेळ रचीत नाही. जी वस्तू खोक्यातच येते ती सर्वांकडे असते. खेळ तिच्या मापाने रचले जातात आणि हातांना तिचीच सवय लागते. आवड ही काही अंशी सवयीची लेक आहे. मात्र रॉबदेखील खोक्यातच होता, हे विसरून चालणार नाही. खोके संधी देते. टिकावयाचे तर हाताला पटावे लागते.

२१ एप्रिल १९८९ रोजी योकोई यांच्या विभागाने घडविलेला ‘गेम बॉय’ जपानमध्ये निघाला. हिरवट पडदा, चार छटा, आत दिवा नाही. प्रतिस्पर्ध्यांनी त्याच काळात रंगीत व उजळ पडद्यांची यंत्रे आणली. अटारीचे यंत्र तर उलटे धरून डावऱ्या माणसालाही खेळता येई, ही सोय खरोखर कौतुकाची होती. परंतु ती यंत्रे सहा सेल काही तासांत संपवीत. गेम बॉय चार सेलांवर त्याहून कितीतरी अधिक वेळ चाले, खिशाला परवडे आणि पडला तरी सहसा मोडत नसे. अमेरिकेतील खोक्यात त्याच्यासोबत ‘टेट्रिस’ हा खेळ दिला गेला. मॉस्कोच्या अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ साली रचलेला हा खेळ संचात घालावा, असा आग्रह हेंक रॉजर्स यांनी धरला होता. कारण मारिओ मुलग्यांना ओढील, पण टेट्रिस सर्वांना. तसेच झाले. पुढे रंगीत गेम बॉय धरून ह्या यंत्रांचा खप ११ कोटी ८० लाखांच्या वर गेला.

यशाची ही कमान अखंड चढती राहिली नाही. १९९५ साली योकोई यांनी ‘व्हर्च्युअल बॉय’ आणला. डोळे लावून पाहावयाचा, लाल व काळ्या दोनच रंगांत खोलीचा भास देणारा. त्याच्या कंट्रोलरवर दोन अंगठ्यांसाठी दोन अधिक-चिन्हे होती. परंतु मान वाकवून टेबलाशी बसावे लागे, डोळे शिणत, आणि शेजारी बसलेल्याला काहीच दिसत नसे. आठ लाखही नग खपले नाहीत. वर्षभरात ते यंत्र बंद झाले. मला वाटते, येथे ते स्वतःच्याच वाटेवरून ढळले. तंत्र स्वस्त निवडले खरे, पण खेळणाऱ्याचे शरीर ह्या वेळी त्यांच्या हिशेबातून निसटले.

ऑगस्ट १९९६ मध्ये, एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर, त्यांनी निन्टेंडो सोडली. अपयशामुळे गेले असे लोक म्हणत. त्यांना ते मान्य नव्हते. जाण्यापूर्वी त्यांनी लहानसा ‘गेम बॉय पॉकेट’ पुरा करून दिला, आणि क्योतोतच स्वतःची छोटी संस्था काढून दुसऱ्या कंपनीसाठी नव्या यंत्राचे काम आरंभले. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी होकुरिकू महामार्गावर त्यांची गाडी एका ट्रकला धडकली. नुकसान पाहावयास ते खाली उतरले असता मागून आलेल्या मोटारीने त्यांना ठोकरले व त्यातच त्यांचा अंत झाला. त्या वेळी ते अवघे छप्पन्न वर्षांचे होते. ते नवे यंत्र, ‘वंडरस्वान’, १९९९ साली निघाले. ते एका सेलवर चाले. आडवेही धरता येई, उभेही. जगभरातील खेळ रचणाऱ्यांच्या संघटनेने २००३ साली योकोई यांना मरणोत्तर जीवनगौरव दिला.

त्यानंतर कंट्रोलरवर छोट्या दांड्या आल्या, आणि त्रिमितीच्या खेळांत त्यांचाच वापर अधिक होतो. निन्टेंडोनेच २०१७ सालच्या ‘स्विच’च्या डाव्या सुट्या कंट्रोलरवर अधिक-चिन्हाऐवजी चार वेगळी बटणे दिली, कारण तो अर्धा भाग आडवा धरून दुसऱ्या खेळाडूच्या हाती देता यावा. काहींना ते आवडले नाही. त्यांना जुने अधिक-चिन्हच हवे होते. ह्या वादात कोण बरोबर हे मी ठरविणार नाही. मला त्यात एवढेच दिसते की, दुसऱ्या खेळाडूची आठवण ठेवून कोणीतरी अजून खोके भरीत आहे.

परवा वडील रात्रपाळीहून आले तेव्हा मी त्यांना पत्त्यांच्या कारखान्यातील ह्या फिटरची गोष्ट सांगितली. त्यांनी सर्व ऐकून घेतले आणि स्वतःच्या अंगठ्यावरील काळा डाग बराच वेळ पाहिला. मागाच्या दोरीची गाठ ते ह्याच अंगठ्याने चाचपतात. आजीचा अंगठा मी ह्यापुढे वेगळ्या नजरेने पाहीन. सही मी करीनच, परंतु अंगठ्याला कमी लेखून नव्हे.