रयतेच्या मालाला पेठ देणारा राजा

राजर्षी शाहू महाराजांचे स्मरण बहुधा वसतिगृहे, आरक्षण व समतेचा लढा यांच्या संदर्भात होते. त्यांच्या कार्याचा एक पैलू मात्र भाषणांतून क्वचितच येतो. लहान शेतकऱ्याला आपल्या मालाचा रास्त मोबदला मिळावा म्हणून त्यांनी केलेली खटपट तो होय.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. १८८४ साली ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. दुसऱ्याच वर्षी त्यांनी शाहूपुरी वसविली. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला होता. पेठेसाठी स्थानकालगतची जागा निवडण्यात तरुण राजाची व्यवहारदृष्टी दिसते. त्या काळी गरजू शेतकरी सावकाराच्या देण्यात असे. गुऱ्हाळाचे चुलवाण विझण्यापूर्वीच गुळाचा धनी ठरलेला असे, आणि भाव घेणारा सांगेल तोच! अनेक खरेदीदार एका ठिकाणी जमले, सौदे उघड होऊ लागले, की आपल्या रव्याची खरी किंमत शेतकऱ्याला कळते. पुढे शाहूपुरीच्या गुळाने कोल्हापूरचे नाव दूरवर पोहोचविले. १९१७ साली वडिलांच्या नावाने वसविलेल्या जयसिंगपुरामुळे शिरोळ भागालाही रेल्वेकाठची पेठ मिळाली.

परंतु कर्जात बुडालेल्याला पेठेचा उपयोग किती? १८९६-९७ च्या दुष्काळाने हा प्रश्न तीव्रतेने पुढे आणला. त्या वेळी महाराजांनी तगाई दिली आणि स्वस्त धान्याची दुकाने उघडली. पुढे संस्थानात सहकारी पतसंस्थांना चालना मिळाली. या कामी भास्करराव जाधव यांचे परिश्रम मोठे होते. परस्परांच्या जामिनावर कर्ज मिळाले, तर उभे पीक गहाण टाकावे लागत नाही, हे त्यामागील सूत्र. १९१३ साली कोल्हापूर अर्बन बँकेचा पाया घातला गेला. या चळवळीची पहिली फळे शहराला मिळाली, खेड्यातील अल्पभूधारकाला बरीच वाट पाहावी लागली, हेही नमूद केले पाहिजे.

ज्ञानाची बाजूही महाराजांनी दुर्लक्षिली नाही. सुधारित अवजारे शेतकऱ्याने स्वतः पाहावीत यासाठी १९१२ साली किंग एडवर्ड ॲग्रिकल्चरल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. १९१८ साली कुलकर्णी वतन रद्द करून त्यांनी पगारी तलाठी नेमले. गावचे दप्तर एका वंशपरंपरागत घराच्या हाती राहिले, तर निरक्षर रयतेला आपल्या जमिनीची नोंदही दुसऱ्याच्या मर्जीने कळते. या निर्णयावरून मोठा वाद उठला, पण महाराज मागे हटले नाहीत.

सर्वांत मोठे स्वप्न होते भोगावतीवरील राधानगरी धरणाचे. काम सुरू झाले, भिंत उभी राहू लागली; परंतु पैशाअभावी १९१८ च्या सुमारास ते थांबले. ६ मे १९२२ रोजी मुंबईत, वयाच्या अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, महाराजांचे देहावसान झाले. दोन वर्षांनी अण्णासाहेब लठ्ठे यांनी त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. मध्यंतरी दोघांत तीव्र मतभेद होऊन लठ्ठे कोल्हापूर सोडून गेले होते, हे ध्यानी घेता या ग्रंथाचे मोल अधिकच वाटते. राधानगरीचे धरण मात्र स्वातंत्र्यानंतरच पुरे झाले, आणि त्याच्या पाण्यावर भोगावती-पंचगंगेच्या काठी सहकारी साखर कारखान्यांचा ऊस पिकू लागला.